बाबा, नऊ आकडे सांगा

बेंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "तिकडं ट्रॅफिक कसं आहे?" आणि दुसरा, "आमचा कॉम्प्युटर जरा स्लो झालाय, बघतोस का?" पहिल्याचं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही. दुसऱ्याचं मात्र द्यावंच लागतं. बेंगळूरूला गेलेला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतोच, असा सांगली-कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंत सार्वत्रिक समज आहे. मग तो माणूस कंपनीच्या पगारपत्रकांचा हिशेब बघत असो, नाहीतर कॅन्टीनमधल्या इडल्यांचा.

हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांनी बेंगळूरूची सिलिकॉन व्हॅली करायचं मनावर घेतलं आणि १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या दोन गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत उभी राहू लागली. आज इथल्या बऱ्याचशा इमारतींत जे काम चालतं त्याचं सार सोपं आहे. बसायचं इथे आणि हात घालायचा तिकडे, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात. शिकागोच्या एखाद्या बँकेचा सर्व्हर मध्यरात्री आजारी पडला की वसाहतीच्या फेज वनमधला मुलगा इथूनच त्याची नाडी बघतो. दूरवरून परक्याच्या यंत्रात शिरणं हा या गावाचा कुळाचार आहे.

आणि त्या परक्याच्या यंत्राचं सोवळं किती कडक! गेटवर गळ्यातलं ओळखपत्र दाखवायचं. लॅपटॉप बाहेर नेताना त्याचा नंबर वहीत लिहायचा. पेनड्राइव्हच्या खाचेला मज्जाव. पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलायचा आणि त्यात एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक असं चिन्ह हवं, ज्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. शिवाय आत शिरताना फोनवर येणारा कोड वेगळा. एवढं करूनही विश्वास नाहीच. सुरक्षा विभाग अधूनमधून स्वतःच खोट्या मेल पाठवतो. "तुमचा बोनस जमा झाला आहे, येथे क्लिक करा." जो क्लिक करतो त्याला प्रशिक्षणाला बसवतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या हुशार मुलांनी आता बोनसची खरी मेल आली तरी ती न उघडता वरिष्ठांना कळवायची सवय लावून घेतली आहे. वरिष्ठही ती उघडत नाहीत.

हाच मुलगा संध्याकाळी नीलाद्री रोडवरच्या आपल्या फ्लॅटवर येतो आणि घरच्या कॉम्प्युटरसमोर बसतो. तो चालू केला की पासवर्ड मागत नाही, कारण "घरातच तर आहे." वायफायच्या राउटरचा पासवर्ड कंपनीने खोक्यावर छापून दिला होता तोच आहे, खोकं माळ्यावर आहे आणि पासवर्ड सगळ्या मजल्याला पाठ आहे. अपडेटची सूचना आली की "नंतर आठवण करा" हे बटण दाबलं जातं. त्याआधीचा कॉम्प्युटर मिरजेला आईबाबांकडे गेला. तिथे तो हॉलमध्ये, आईने विणलेल्या जाळीदार झाकणाखाली, देवघराच्या शेजारी मानाने बसला आहे. त्यावर अजून विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सर्वसाधारण आधार काढून घेतला, ही बातमी मिरजेपर्यंत पोचलेली नाही. पासवर्ड आहे, पण तो विसरू नये म्हणून मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवला आहे आणि पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून ठळक अक्षरांत लिहिला आहे.

अँटीव्हायरस मात्र आहे. त्या बाबतीत मराठी घर हयगय करत नाही. त्यात अभिमानाचाही भाग आहे. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, धाकटे बंधू संजय यांनी विषाणू मारणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, ही गोष्ट बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. गोष्ट खरी आहे. पण विषाणूला हाकलणाऱ्या प्रोग्रामपुढे एक नाजूक पेच असतो. ज्या माणसाला घरमालकाने स्वतः दार उघडून, या बसा म्हणून, माउस हातात दिला आहे, त्याला बाहेर काढायचं तरी कोणत्या तोंडाने?

आता बाबांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बिघडतं. प्रिंटर रुसतो, अक्षरं मोठी होतात, बँकेचं पान उघडत नाही. बाबा फोन लावतात. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मेट्रो स्टेशनवर उभा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाली तेव्हा तिच्यावर तीनच गाड्या होत्या आणि दर २५ मिनिटांनी एक येई. वडिलांना तांत्रिक साहाय्य देण्यासाठी बेंगळूरूने दिलेला तो सर्वात मोठा सलग वेळ होता. पुढे गाड्या वाढल्या आणि साहाय्य आखूड झालं.

"बाबा, खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"टेबल."

"स्क्रीनवर, बाबा, स्क्रीनवर!"

"मग तसं सांग की. थांब, चष्मा आणतो."

"चष्मा राहू दे. असं करा, मी एक लिंक पाठवलीय, ती डाउनलोड करा. केलीत? आता तिथे नऊ आकडे आलेत ना? ते सांगा."

"हे आकडे कसले?"

"सांगा हो तुम्ही. आता एक खिडकी येईल, तिथे 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणा."

"म्हटलं की काय होईल?"

"काही होत नाही! बाबा, प्रश्न नकोत, सांगतो तेवढं करा. माझी मेट्रो आली."

बाबा अ‍ॅक्सेप्ट करतात. माउसचा बाण आपोआप सरकायला लागतो. आई हात जोडते. दोन मिनिटांत प्रिंटर सुरू होतो आणि फोन बंद होतो. या सगळ्याला वापरलेला प्रोग्राम बहुधा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर. दोन्ही जर्मनीतले, दोन्ही सचोटीचे, दोन्ही खऱ्याखुऱ्या उपयोगाचे. नऊ आकड्यांचे आता काही ठिकाणी दहा झाले आहेत. महागाई सगळीकडेच आहे.

त्या दोन मिनिटांत प्रिंटरबरोबर आणखीही काही घडलं. मुलाने बापाला तीन धडे दिले. फोनवरचा माणूस सांगेल ते डाउनलोड करायचं. पडद्यावर आलेले आकडे त्याला वाचून दाखवायचे. आणि प्रश्न विचारायचे नाहीत. ऑनलाइन भामट्यांनी एखादं विद्यापीठ काढलं असतं, तर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम याहून वेगळा ठेवला नसता. इथे तो पोटच्या पोराने विनामूल्य शिकवला आणि वरचेवर उजळणीही करून घेतली.

मग एके दुपारी कॉम्प्युटर भोंग्यासारखा ओरडतो. पडदाभर लाल खिडकी, तिच्यात कवटी, खाली फोन नंबर. "तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा." मुलगा मीटिंगमध्ये आहे. बाबा नंबर फिरवतात.

"नमस्ते अंकल जी! मैं कंप्यूटर सपोर्ट से बोल रहा हूँ। खाना हो गया आपका?"

मुलाने गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न विचारलेला नाही. बाबांना गहिवरून येतं.

"अंकल जी, स्क्रीन पर नीचे बाएँ तरफ क्या दिख रहा है?"

"टेबल."

"बहुत बढ़िया! अब टेबल के थोड़ा ऊपर देखिए।"

"रुको हां, हम चष्मा लेके आता."

"आराम से लाइए, अंकल जी। हम यहीं हैं।"

चष्मा शोधायला वेळ लागतो. हा माणूस खरंच तिथेच असतो. बाबांचं हिंदी गोल गोल फिरतं, "हमने बटन दाब्या, लेकिन वो नुसताच घुमताय," तरी तो हसत नाही, खेकसत नाही, त्याची कुठलीच मेट्रो येत नाही. आई स्वयंपाकघरातून विचारते, कोण आहे? बाबा फोनवर हात ठेवून सांगतात, "अगं, कॉम्प्युटरवाले आहेत. फार सज्जन माणूस. इथे असता तर चहा पाजला असता."

आणि मग तो सज्जन माणूस विचारतो, "अंकल जी, वहाँ नौ अंक आए होंगे?" बाबांना आकडे कुठे असतात ते पाठ आहे. ते सरावाने वाचून दाखवतात, वर "अब अ‍ॅक्सेप्ट दाबू ना?" हेही स्वतःच विचारतात. पलीकडच्याला इतका तयार विद्यार्थी बऱ्याच दिवसांत मिळालेला नसतो.

यापुढचा प्रयोग ठरलेला आहे. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते. कॉम्प्युटर दिवसभरात जिथे जिथे अडखळला, ते तो तिच्यात लिहून ठेवतो. ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही तिथे लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण यांची रांग असते. ती दाखवून भामटा सुस्कारा टाकतो. मग एक काळी खिडकी उघडून त्यात एक आज्ञा लिहितो, भराभर मजकूर वाहतो आणि शेवटी आठ-आठ-आठ-डी-सी-ए-सहा-शून्य असा सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसतो. "हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास परवाना क्रमांक. आमच्याकडेही हाच आहे, जुळवून पाहा." बाबा एकेक अक्षर जुळवतात. तंतोतंत जुळतं! जुळणारच. तो क्रमांक जगातल्या झाडून सगळ्या विंडोज कॉम्प्युटरांवर तोच असतो. त्याचा परवान्याशी काही संबंध नाही, फाइल दाबून छोट्या करण्याच्या एका सोयीचं ते अंतर्गत नाव आहे. पण बाबांच्या लेखी आता पलीकडच्याची ओळख पटली. उलट तपासणी त्यांनी स्वतः केली होती.

मग पैसे. कधी दुरुस्तीचे थेट मागतात. कधी उलटं. "तुमचे पाच हजार आम्हाला परत द्यायचे आहेत, बँकेचं पान उघडा." पान उघडतं, पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो तेव्हा शिल्लक भलतीच फुगलेली. "अरे अंकल जी, चुकून पाच लाख गेले! माझी नोकरी जाईल!" प्रत्यक्षात बँकेत एक पैही हललेली नसते; फक्त पडद्यावर दिसणाऱ्या पानातला आकडा बदललेला असतो, आणि ते कॉलेजातल्या पोरालाही जमतं. पण पलीकडे एक मुलगा रडवेला झाला आहे. बाबा उरलेले पैसे प्रामाणिकपणे परत करायला बसतात. म्हणजे स्वतःचे पैसे, जन्मात कधी न मिळालेल्या पैशांच्या बदल्यात. भामट्याचा सगळा धंदा समोरचा माणूस प्रामाणिक आहे या भरवशावर चालतो. जगात सगळेच लबाड झाले, तर त्याची उपासमार होईल.

फोनचं तेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना इशारा दिला होता की एनीडेस्कसारखं अ‍ॅप फोनवर घ्यायला लावून, नऊ आकडे विचारून, खात्यातून पैसे काढले जात आहेत. त्यानंतर वीजबिलाचे संदेश आले. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल." बेंगळूरूत बेस्कॉमच्या नावाने आणि महाराष्ट्रात महावितरणच्या. वीज कंपनी वेळ सांगून वीज तोडते, यावर आपण विश्वास कसा ठेवला हेच नवल आहे. मग लग्नपत्रिका आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके प्रकारची फाइल, उघडली की पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप. लग्न कुणाचं हेही कळत नाही, आहेर मात्र होऊन जातो.

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याबद्दल जागृती फार आहे. रोज सकाळी कुणीतरी इशारा टाकतं, "अनोळखी लिंक उघडू नका. अधिक माहितीसाठी खालील लिंक उघडा." आणि ती सगळे उघडतात, कारण ती अनोळखी नसते, काल दुसऱ्या इमारतीच्या ग्रुपवरही आली होती.

इथवर वाचून एखाद्या तरुण वाचकाला वाटेल की हे सगळं म्हाताऱ्यांचं दुखणं आहे, संगणक शिकलेल्या माणसाला कोण फसवणार? त्याने बेंगळूरूची वर्तमानपत्रं चाळावीत. डिसेंबर २०२४ मध्ये बातमी आली ती ३९ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनियरची, त्याचे ११.८ कोटी रुपये गेले. २०२५च्या नोव्हेंबरात ५७ वर्षांच्या एका महिला इंजिनियरची तक्रार समोर आली, ३१.८३ कोटींची. दोन्हीकडे पोलीस आणि तपास यंत्रणांचा आव आणून 'डिजिटल अरेस्ट' झाली होती, म्हणजे व्हिडिओ कॉलसमोर बसून राहण्याची शिक्षा. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः सांगितलं होतं की अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. थांबा, विचार करा, मग कृती करा. या लोकांना कॉम्प्युटर येत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना येत नव्हतं ते एकच, समोरच्या अधिकाऱ्याचा फोन मध्येच कापणं. आणि ते आपल्यापैकी कितीजणांना येतं?

मराठी माणसाला फोन ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने तपासून बघण्यासारखं आहे. "बरं, ठेवतो मग." "हो, ठेवा." "हं." "आणि काय?" "काही नाही, ठेवतो." "ठेवा ठेवा. आईंना नमस्कार सांगा." एवढ्यात पलीकडचा माणूस खातं रिकामं करून दुसऱ्या खात्यात वळवून चहाला जाऊन येतो. समोरचा बोलतोय तोवर फोन कापायचा नाही, घरी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, साहेबाला उलट विचारायचं नाही, हे संस्कार आपण कौतुकाने केले. कॉम्प्युटरला जी काही भोकं आहेत त्यांतलं सर्वात मोठं हे आहे, आणि ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्ट पाठवू शकत नाही.

पलीकडच्या बाजूलाही जरा डोकावावं. तिथे अंधाऱ्या खोलीत टोपीवाला एकटा माणूस बसलेला नसतो. २०१६च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून बोलणारी शेकडो पोरंपोरी सापडली. २०२५च्या नोव्हेंबरात तर आमच्याच शहरात, व्हाईटफील्डच्या एका टेक पार्कमधल्या कचेरीवर छापा पडला. तिथून मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञ म्हणून अमेरिकेतल्या माणसांना गाठत होते. म्हणजे काचेची इमारत, रात्रपाळी, हेडफोन, समोर छापील संभाषण, डोक्यावर टार्गेट. काम तेच, दूर बसून परक्याच्या यंत्रात शिरायचं. शिकागोच्या आजोबांना बेंगळूरूहून दोन फोन येऊ शकत होते, एक खऱ्या साहाय्याचा आणि एक खोट्या. दोघांचे उच्चार तेच. फरक ओळखायची साधी खूण एकच. खरा साहाय्यवाला तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही, आणि बोलावलं तरी वेळेवर येत नाही.

तेव्हा उपाय काय? मिरजेच्या घरात या गणपतीला मुलगा आला तेव्हा काही सुधारणा झाल्या. त्या कुणालाही करता येतील.

पहिली सुधारणा राजकीय स्वरूपाची होती. कॉम्प्युटरवर दोन खाती केली, एक प्रशासकाचं आणि एक साधं. रोजचा वापर साध्या खात्यातून; म्हणजे कुणी काही नवीन बसवायला सांगितलं तरी बहुतेक वेळा वेगळा पासवर्ड लागतो आणि विचार करायला श्वासभर वेळ मिळतो. साध्या खात्याला विंडोज 'स्टँडर्ड यूजर' म्हणते. बाबांनी ते वाचलं. "माझ्याच घरात मी स्टँडर्ड? आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?" मुलाने आईकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "मग ठीक आहे. तसंही तेच आहे." प्रशासकाचा पासवर्ड आईने मसाल्याच्या डब्याच्या तळाशी ठेवला आहे. तिथवर कुणाचीच मजल जात नाही.

दुसरी सुधारणा, एनीडेस्क काढून टाकलं. लागेल तेव्हा घ्यायचं, काम झालं की काढायचं. पाहुण्याला घराची किल्ली देऊन ठेवत नाहीत. काही जण सोयीसाठी त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवतात, म्हणजे पलीकडून परवानगी न विचारताच शिरता यावं. तो तर आधी काढला. राउटरचा छापील पासवर्ड बदलला. विंडोजची नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्राला पेलेना, म्हणून बँकेचं काम त्यावर करायचं नाही असं ठरलं. त्यावर आता आई रेसिपी बघते आणि बाबा शास्त्रीय संगीत ऐकतात. बँकेच्या व्यवहारासाठी थोडीच रक्कम असलेलं वेगळं खातं ठेवलं आणि व्यवहाराची मर्यादा बँकेतूनच खाली आणली. बँकेचा पत्ता नीट बघायचा, हेही ठरलं. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांनी आता आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर नेली आहेत आणि ती शेपटी बँकांखेरीज कुणाला मिळत नाही.

तिसरी सुधारणा भोंग्याची. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की इशारा खोटा, एवढं सरळ आहे. तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-चार, तरी नाही गेलं तर कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून सरळ बंद. "बंद करू नका" असं त्यावर लिहिलेलं असतं, ते त्यांच्या हिताचं आहे, आपल्या नव्हे.

आणि एवढं करूनही कुणी आत शिरलंच, तर इंटरनेट तोडायचं, राउटरची पिन भिंतीतून उपटायची. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवायचं, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवायची आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे. हे मिनिटांत करायचं, दिवसांत नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या नियमांनुसार, आपणच गुप्त माहिती देऊन बसलो असलो तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आपल्याकडे मात्र आधी आईला सांगू नका असं ठरतं, मग मुलाला सांगू नका, मग शेजाऱ्यांना कळता कामा नये, आणि मग चौथ्या दिवशी "सहज विचारतो हं" म्हणून बँकेत जाणं होतं. पैसे अशा वेळी थांबत नाहीत. अब्रू शाबूत राहते, खातं राहत नाही.

शेवटचा नियम सगळ्यांत कठीण होता. कुणीही, अगदी मुलानेसुद्धा, ते आकडे मागितले तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरावर आपण उलटा फोन करायचा. "ठेवतो मग" म्हणायचं नाही, आईंना नमस्कार सांगायचा नाही, नुसता ठेवायचा. बाबांना हे फार जड गेलं. त्यांनी दोन-तीन दिवस गॅसवाल्यावर सराव केला.

गेल्या आठवड्यात मुलाने प्रिंटरसाठी फोन केला. "बाबा, नऊ आकडे सांगा." बाबांनी फोन कापला. मुलाने परत लावला. परत कापला. मग बाबा जेवले, वामकुक्षी झाली आणि चार वाजता त्यांनी वहीतल्या नंबरावर फोन केला. मुलाची मीटिंग हुकली होती, क्लायंट संतापला होता, आणि त्याने फोन उचलल्या उचलल्या बापाला जे काही सुनावलं ते सगळं इथे छापता येणार नाही. बाबा शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी आईला हाक मारली.

"अगं, ये. हा आपलाच आहे. चोर इतकं वस्कन बोलत नाही."

आकडे सांगितले गेले, प्रिंटर सुरू झाला. पद्धत खात्रीची आहे असं बाबांचं मत पडलं आहे आणि मिरजेत त्यांनी चार घरी तिचा प्रसारही केला आहे. मुलगा आता एकाच काळजीत आहे. ही खूण कुठल्याही कॉल सेंटरच्या प्रशिक्षण विभागाला कळता कामा नये. ज्या दिवशी त्यांची पोरं "अंकल जी" सोडून "बाबा, प्रश्न नकोत, सांगतो तेवढं करा" म्हणायला शिकतील, त्या दिवशी सांगली जिल्ह्यातली निम्मी खाती संध्याकाळपर्यंत रिकामी होतील. म्हणून त्याने स्वतःच्या बोलण्यात सुधारणा करायचं ठरवलं आहे. परवा त्याने फोनवर विचारलं, "बाबा, जेवण झालं का तुमचं?"

बाबांनी फोन कापला आणि १९३० फिरवला.